कामाची सीमा आणि घरचा उंबरठा

परभणीहून गंगाखेडच्या वाटेला लागले की पोखर्णी येते. श्रीनृसिंहाचे हे स्थान मराठवाड्यात सर्वांच्या ओळखीचे आहे. आगगाडीच्या ठेसनालासुद्धा देवाचेच नाव आहे, ‘पोखर्णी नृसिंह’. आषाढीला शेगावच्या श्रीगजाननमहाराजांची पालखी परभणी-गंगाखेड याच वाटेने पंढरीस जाते, त्यामुळे वारकऱ्यांच्याही पायांखालचा हा मुलूख आहे. इथे दर्शनाला माणसे एकेकटी येत नाहीत, कुटुंबेच्या कुटुंबे येतात. आजी, सूनबाई, कडेवरचे लेकरू, असा सारा गोतावळा असतो. पण अलीकडे या गोतावळ्यात एक माणूस पुष्कळदा कमी दिसतो. ‘लेकराचे वडील कुठे आहेत हो?’ म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले: ‘पुण्याला कंपनीत आहेत. सुट्टी नाही मिळाली.’ आणि आले असले तर, ‘आलेत की! ते काय, बाहेर फोनवर बोलत उभे आहेत.’

उपजीविकेसाठी माणसाने किती राबावे, पुढे जाण्याची ईर्षा कितपत धरावी, आणि त्यापायी घरच्यांचे देणे कुठवर थकवावे, हा प्रश्न आज घरोघर आहे. तो शेतकऱ्याच्या घरात आहे, मास्तरांच्या घरात आहे, आणि संगणकावर काम करणाऱ्या मुलामुलींच्या घरात तर फारच आहे. पोखर्णीच्या देवाच्या कथेतच या प्रश्नाचा उलगडा आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम पूर्वपक्ष ऐकू. पूर्वपक्षी म्हणतो, “महाराज, काम हाच देव हे तुमच्या संतांनीच दाखवले ना? गोरोबाकाका तेरला मडकी घडवीत होते. सावतोबा अरणच्या मळ्यात पाणी देत होते. नरहरी सोनारांची भट्टी होती, सेनामहाराजांची धोपटी होती. या गंगाखेडचीच जनाबाई नामदेवरायांच्या घरी दळीत होती, कांडीत होती. एकानेही काम टाकले नाही. मग काम जर पूजा, तर जास्त काम ही जास्त पूजा. त्यात वाईट ते काय?” आणि हे काही एकट्यादुकट्याचे बोलणे नव्हे. २०२३ च्या ऑक्टोबरात इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी देशासाठी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे मत मांडले. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे बोलणे गाजले. ते ९० तासांची गोष्ट करीत होते. रविवारीही काम करून घेता येत नाही याची त्यांना खंत होती, आणि घरी बसून बायकोच्या तोंडाकडे किती वेळ बघणार, असा त्यांचा सवाल होता. ही माणसे आळशी नव्हेत, कर्तबगार आहेत. त्यांनी स्वतः कष्ट उपसले आहेत. म्हणून त्यांचे म्हणणे हसण्यावारी न्यावे असे नाही. त्याला उत्तर दिले पाहिजे.

काम ही पूजा, हे आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. पण पूजेला आरंभ असतो तसा शेवटही असतो. पंढरीच्या देवाचा नित्यक्रम पाहा. पहाटे काकडा होतो आणि रात्री शेजारती होते. भक्त किती का आलेले असोत, शेजारती झाली की देव निजतो. आषाढी-कार्तिकीला मात्र देवाचा पलंग काढून ठेवतात, आणि देव रात्रंदिवस दर्शन देत उभा राहतो. पण यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शीण घालवतात, आणि पलंग पुन्हा आपल्या जागी येतो. म्हणजे जादा काम देवालाही चुकलेले नाही. पण त्या जादा कामाचे दिवस ठरलेले आहेत, आणि त्यानंतरची विश्रांतीही ठरलेली आहे. अहो, जो अठ्ठावीस युगे उभा म्हणून आपण सांगतो, त्यालाही आपण रात्री निजवतो. मग चाकरमान्याला शेजारती नको का? ज्या कामाला विसर्जनच नाही ती पूजा नव्हे, ती बाधा होय.

संतांचे तसेच आहे. सावतोबा आपला मळा जिवापाड राखीत, पण शेजाऱ्याचा मळा गिळायला ते कधी निघाले नाहीत. गोरोबाकाका मडकी घडवीत, पण तेरमधल्या साऱ्या कुंभारांना मागे टाकायचे असा पण त्यांनी केला नव्हता. काम आणि कामाची हाव यांत भेद आहे, आणि तोच आजच्या विचाराचा गाभा आहे.

आता पोखर्णीच्या देवाची कथा घेऊ. ती आपण सर्वांनी कीर्तनातून ऐकली आहे. पण आपण खांबापासून ऐकतो, खांब कडाडला येथून आपले कान टवकारतात. भागवताच्या सातव्या स्कंधात ती बरीच अलीकडून सांगितली आहे, आणि तो आधीचा भागच आपल्या कामाचा आहे.

हिरण्यकशिपूचा भाऊ हिरण्याक्ष मारला गेला. घरात आकांत झाला. हिरण्यकशिपूने आईचे, भावजयीचे, पुतण्यांचे सांत्वन केले. बरे का, हा माणूस घरच्यांविषयी निष्ठुर नव्हता. आपल्याला कोणी जिंकू नये, आपल्या बरोबरीला कोणी नसावे, म्हणून तो मंदराचलावर तपाला गेला. घराण्यावर आलेल्या घावातूनच हे वेड उठले. तप केवढे? पायाच्या अंगठ्यावर उभा, हात वर, दृष्टी आभाळात. अंगावर वारूळ चढले, मुंग्यांनी मांस खाल्ले, तरी हा हलेना. मेहनतीत कसूर म्हणून नाही! आजच्या भाषेत सांगायचे तर एवढे तास कोणी भरले नसतील.

आणि इकडे घरी काय झाले? घरधनी नाही हे पाहून देवांनी स्वारी केली. इंद्राने त्याच्या बायकोला, कयाधूला, धरून नेले. ती गरोदर होती. वाटेत नारदमुनी भेटले, त्यांनी इंद्राला थांबवले आणि कयाधूला आपल्या आश्रमात ठेवून घेतले. नवरा परत येईपर्यंत ती तिथेच राहिली. पोटातल्या बाळाने पहिले बोल ऐकले ते नारदांचे. बाप जगाचे राज्य मिळवायला गेला होता. लेकराला शिकवले ते दुसऱ्यानेच.

पुढे बाप वर घेऊन आला. साऱ्या लोकांचे ऐश्वर्य त्याच्या पायाशी लोळू लागले. एके दिवशी त्याने प्रल्हादाला मांडीवर घेतले. त्याचे मस्तक हुंगले, डोळ्यांतले पाणी त्याच्यावर सांडले, आणि विचारले, ‘बाळा, इतके दिवस शिकलास, त्यातले चांगले काय ते सांग.’ इथे थोडे थांबावे. हा बाप प्रेमशून्य नव्हता. मांडीवर घेणारा, डोळ्यांत पाणी आणणारा बाप होता. पण मांडीवर बसलेले लेकरू कोण आहे, त्याच्या मनात काय आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. लेकराने उत्तर दिले आणि बाप चकित झाला. मग चिडला, आणि त्याने त्याला मांडीवरून भिरकावून दिले. प्रेम होते, ओळख नव्हती. ओळखीला वेळ लागतो, आणि वेळ तर त्याने वारुळात घातला होता.

प्रल्हादाचे भाग्य थोर, की बापाच्या गैरहजेरीत त्याला नारद भेटले. आमच्या लेकरांना कोण भेटते? बाप कामावर, आई कामावर किंवा कामाने थकलेली, आणि लेकराच्या हाती मोबाईल. त्यातून त्याच्याशी जे बोलते, ते नारद खासच नव्हेत.

आता वर कोणता मागितला ते पाहू. मृत्यू आत येऊ नये, बाहेर येऊ नये. दिवसा येऊ नये, रात्री येऊ नये. जमिनीवर नको, आकाशात नको. माणसाकडून नको, पशूकडून नको. म्हणजे सगळ्या हद्दी त्याने आपल्यासाठी पुसून टाकल्या. आणि देव आला कुठे? घर आणि अंगण यांच्या सांध्यावर, दाराच्या उंबरठ्यावर. केव्हा? दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावर, तिन्हीसांजेला. जी सीमा त्याने हिशेबातच धरली नव्हती, तिथेच त्याचा हिशेब झाला. पुढचा भावार्थ आमचा आहे, पुराणाच्या माथी तो मारीत नाही. उंबरठा आणि सांज या दोन सीमा माणसाच्या प्रपंचाला घातलेल्या आहेत. उंबरठ्याबाहेर काम, आत घर. सांजेपर्यंत धावणे, सांजेनंतर विसावणे. ज्याने या दोन्ही पुसल्या, जो दिवसाही कामात आणि रात्रीही कामात, बाहेरही कामात आणि घरातही कामात, त्याला वाटते आपण अजिंक्य झालो. पण पाळी येते ती तिथेच, त्या पुसलेल्या उंबरठ्यावर.

इथे कोणी म्हणेल, “हे सगळे पोट भरलेल्यांचे बोलणे झाले. ज्याच्या हातावर पोट, त्याला कसली सांज आणि कसला उंबरठा?” ही शंका रास्त आहे, आणि तिला बगल देणे पाप होईल. याच परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड-सोनपेठ भागातून, आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून तर फार मोठ्या संख्येने, माणसे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. पहाटेच्या थंडीत फडात उतरायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. एक दिवस आजारी पडले तर खाडा लागतो. उंबरठा म्हणावा तर पाचटाच्या कोपीला उंबरठा असतो कुठे? लेकरू सोबत न्यावे तर शाळा सुटते, गावी आजीजवळ ठेवावे तर सहा-सहा महिने आईचे तोंड दिसत नाही. सरकारने या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहे काढली आहेत, ते चांगलेच आहे. पण वसतिगृह आई होत नाही.

या मायबापांना ‘हाव सोडा’ म्हणून उपदेश करणे म्हणजे क्रूरपणा होय. त्यांची हाव नाही, गरज आहे. जो हावेपायी सीमा ओलांडतो त्याने आपले मन आवरावे. ज्याला गरजेपायी ओलांडावी लागते, त्याच्यासाठी ती सीमा समाजाने घालून दिली पाहिजे. आणि ती आपोआप मिळत नसते.

मुंबईच्या गिरण्यांची हकीगत सर्वांनी वाचण्यासारखी आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतिराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागणे काय होते? आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्य मावळेपर्यंत. पाहा, तीच सांज! राज्य मागितले नव्हते, गिरणी मागितली नव्हती. सूर्य मावळला की घरी जाऊ द्या, एवढेच मागणे होते. ते सगळे लगेच पदरी पडले नाही. रविवारची सुट्टी मिळायला १८९० सालचा १० जून उजाडावा लागला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचे तास उलट वाढले. सांज झाली तरी अंधार होईना, मग थांबायचे कशाला? विजेच्या दिव्याने सांजच गिळली. शेवटी कायद्याने सीमा घातली. १९११ साली कापडगिरण्यांतल्या पुरुषांना बारा तास, १९२२ साली सर्व कारखान्यांत अकरा तास, १९३४ साली दहा, आणि स्वतंत्र भारतात १९४८ साली नऊ तास व आठवड्याला ४८ तास. एकेक तास कमी करायला दहा-दहा वर्षे लागली. वाढवायला मात्र एवढा वेळ लागत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या नऊ तासांची मर्यादा बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. जो रविवार आपण फुकटचा समजून फोनवर घालवतो, त्यासाठी कोणीतरी सहा वर्षे झगडले होते, एवढे तरी स्मरण असावे.

गरज आणि हाव यांच्या मधोमध आज एक तिसरी गोष्ट आहे, तिचे नाव भीती. कंपनीत काम करणारी पुष्कळ मुले हावरी नसतात. घराचा हप्ता असतो, गावी आईबापांना पैसे पाठवायचे असतात, धाकट्या बहिणीचे शिक्षण असते. साहेब आठ वाजता उठत नाहीत, म्हणून हा साडेआठला उठतो. तो रविवारी फोन घेतो, म्हणून हीही घेते. ‘नाही म्हटलं तर उद्या माझं नाव काढून टाकतील,’ ही धास्ती. २०२४ च्या जुलैत पुण्यात लेखापरीक्षणाच्या एका मोठ्या संस्थेत नोकरीला लागून चारच महिने झालेली एक तरुण मुलगी वारली. कामाच्या ओझ्याने लेक गेली, असे तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना पत्राने कळविले. सप्टेंबरात ते पत्र देशभर वाचले गेले. संस्थेने ते कारण मान्य केले नाही. निवाडा करणारे आम्ही कोण? पण एका आईला असे पत्र लिहावे लागते, एवढ्यावरूनच काळजात चर्र होते. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांनी मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा आकडा असा की, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानाने ५५ तास वा अधिक राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त, आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त. २०१६ या एका सालात अशा लांबलेल्या तासांपायी जगात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. ज्या देहाने नाम घ्यायचे, वारी करायची, लेकरू खांद्यावर घ्यायचे, तोच देह यात जातो.

आता एक अवघड शंका. ती वारकऱ्यानेच विचारावी अशी आहे. “संतांनी तरी घर कुठे सांभाळले? गोरोबाकाका नामात एवढे दंग झाले की चिखलात रांगत आलेले स्वतःचे मूल त्यांच्या पायांखाली तुडवले गेले. ते चालते, मग आमचा कामात दंग झालेला बापच तेवढा दोषी का?”

या कथेकडे डोळे उघडून पाहावे. सांगणाऱ्यांनी त्या लेकराला कथेतून वगळले नाही. आईचा हंबरडा वगळला नाही. ‘काका नामात होते ना, मग काही बिघडले नाही,’ असे म्हणून परंपरेने हात झटकले नाहीत. कथा तिथे संपतच नाही. घर दुभंगते, काकांचे हात जातात, आणि शेवटी पंढरीस नामदेवरायांच्या कीर्तनात हात परत येतात, लेकरू रांगत आईकडे येते, तेव्हाच कथा पुरी होते. साक्षात नामात दंग झालेल्या संताच्या घरीसुद्धा लेकरू परत आल्यावाचून कथेला समाधान नाही! तिथे तुमच्या-आमच्या बढतीचा पाड काय? काकांच्या पायांखाली होता तो मातीचा चिखल. आमच्या पायांखालीही चिखल आहे, आणि कोण रांगत येते आहे ते आम्हीही पाहत नाही. फरक एवढाच की काकांच्या मुखात विठ्ठल होता आणि आमच्या मुखात उद्याची मीटिंग.

आणि पुंडलिकाला कसे विसरावे? तो तर या साऱ्या प्रश्नाचे मूळ उत्तर आहे. आधी हाच पुंडलिक आईबापांना विचारीत नव्हता, असे कथा सांगते. मग त्याचे डोळे उघडले आणि तो त्यांच्या सेवेला लागला. अशात दारी कोण आले? ज्याच्या भेटीसाठी ऋषी जन्म घालवतात, तो आला. याहून मोठी बढती त्रिभुवनात नाही. पुंडलिकाने काय केले? आईबापांचे पाय सोडले नाहीत. हाती लागली ती वीट मागे फेकली, ‘हिच्यावर उभा राहा, माझे झाले की येतो.’ आणि गंमत पाहा, देव रागावला नाही. थांबला, तो थांबलाच. जो घरच्यांचे देणे आधी फेडतो, त्याच्यासाठी देव ताटकळतो, या पायावरच पंढरी उभी आहे. मग साहेबाचा फोन जेवण होईपर्यंत थांबणार नाही का? आपल्यापाशी वीट फेकायचे धैर्य नाही, हे खरे दुखणे आहे.

एक गोष्ट पुरुषमंडळींनी मनावर घ्यावी. आज घरची बाईही कचेरीत जाते, शाळेत शिकवते, दवाखान्यात राबते. तिची महत्त्वाकांक्षाही तुमच्याइतकीच खरी. पण ती संध्याकाळी उंबरठा ओलांडून आत येते तेव्हा तिचे काम संपत नाही, दुसरे सुरू होते. तिला सांज मिळते कुठे? जनाबाई दळायला बसली की विठ्ठल येऊन जात्याचा खुंटा धरीत असे, हे आपण डोळे मिटून, मान डोलावून ऐकतो. देवाला दळायची लाज वाटली नाही. मग नवऱ्याच्या हाताला काय झाले? जात्याला हात लावणारा देव पूजायचा आणि घरी ताटावरून उठून सरळ खाटेवर जायचे, हा कुठला वारकरीपणा?

‘हे सगळं तुमच्यासाठीच करतोय ना!’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. ते खोटे नसते, पण पुरते खरेही नसते. हिरण्यकशिपूची सुरुवातही घरच्यांच्या दुःखातूनच झाली होती. हे वाक्य तोंडी आले की आपणच आपल्याला विचारावे, ‘ज्यांच्यासाठी करतो, त्यांना कधी विचारले का? त्यांना आणखी एक खोली हवी आहे, की संध्याकाळी मी हवा आहे?’ पैसा आज नाही तर उद्या मिळवता येतो. लेकराचे सातवे वर्ष मात्र एकदाच येते. ते बँकेत ठेवून पुढे व्याजासकट काढता येत नाही. ‘पाच वर्षे राबतो, मग घराकडे बघतो,’ म्हणणाऱ्याला पाच वर्षांनी घर सापडते, पण त्यातली माणसे पाच वर्षे पुढे गेलेली असतात.

मग करावे काय? वारकऱ्याला उपदेशापेक्षा नेम कळतो. माळ घातली की एकादशी आली, वारी आली. वारीलाही माणूस घर सोडून जातोच; पण तिची तिथी ठरलेली, परतीचा दिवस ठरलेला, घरच्यांना ठाऊक असलेला. घर सोडून जाणे वाईट नाही. परतीची तिथी नसणे वाईट. म्हणून थोडे नेम सुचवितो.

पहिला नेम, दिवसातले एक जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे, आणि त्या वेळी फोन पानाजवळ नसावा. दुसरा नेम, उंबरठ्यात पाय टाकण्याआधी क्षणभर थांबावे, नाम घ्यावे, आणि कचेरीतला राग चपलांबरोबर बाहेर ठेवावा. तिसरा नेम, आठवड्यातला एक दिवस घराचा. लोखंड्यांनी मिळवून दिलेला तो रविवार विकू नये. चौथा नेम, बढती चालून आली, परगावची नोकरी आली, तर ‘पगार किती’ याबरोबर ‘सांज कुणाची’ हेही विचारावे, आणि एकट्याने नव्हे, घरच्यांसह बसून ठरवावे. कधी ‘हो’ म्हणावे लागेल, कधी ‘नको’. ‘हो’ म्हणणे पाप नाही. न विचारता म्हणणे हे पाप. पाचवा नेम, ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांच्यासाठी. कारखानदार असो, साहेब असो, बागाईतदार असो, की दोन गडी ठेवणारा दुकानदार असो, आपल्या माणसाला सांजेला घरी जाऊ द्यावे. आपण घरी लवकर जायचे आणि गड्याला रात्रीपर्यंत अडकवायचे, तर आपला नेम त्याच्या लेकराच्या जिवावर चालला, असे होईल. ऊसतोडीच्या मायबापांना पुरेशी मजुरी आणि त्यांच्या लेकरांना शाळा मिळावी, म्हणून बोलणे हेही या नेमातच येते.

नेम चुकेल. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याला सांज नसते. साथीच्या दिवसांत डॉक्टरला, नर्सबाईला नसते. परीक्षेच्या दिवसांत मास्तरांनाही नसते. चालायचेच. यात्रेच्या दिवसांत देवाचाही पलंग निघतो. फक्त यात्रा सरल्यावर तो पुन्हा मांडायला विसरू नये.

शेवटी त्या कथेतलीच एक गोष्ट सांगून लेखणी आवरतो. हिरण्यकशिपू पडला, तरी नृसिंहाचा क्रोध शमेना. ब्रह्मदेव पुढे जाईनात, प्रत्यक्ष लक्ष्मीलाही जवळ जाण्याचे धैर्य होईना. तेव्हा प्रल्हादाला पुढे पाठवले. ते लेकरू गेले, पायाशी लोटांगण घातले, आणि देवाने त्याच्या मस्तकावर हात ठेवला. जे लक्ष्मीच्याने झाले नाही ते एका लेकराने केले. दिवसभर जगाशी झुंजून संतापलेला, शिणलेला माणूस घरी येतो, त्याचा शीणही लक्ष्मीच्याने जात नाही. तो लेकराच्या जवळ येण्याने जातो. मात्र त्यासाठी लेकरू जागे असताना घरी पोहोचले पाहिजे, आणि हात मोकळा असला पाहिजे.

रामकृष्णहरी.